पार्श्वभूमी : एचआरव्ही आणि 'पूर्ण रात्री'ची अट

सोलापुरात होल्टर, म्हणजे दिवस-रात्र हृदयाचे ठोके नोंदवणारे यंत्र, लावून घेणे आता नवलाचे राहिलेले नाही. छातीवर तारा, कमरेला डबी आणि सोबत एक कागद : कधी जेवलात, कधी झोपलात, जिना कधी चढलात ते लिहायचे. अहवालाच्या शेवटच्या पानावर एचआरव्हीचे, म्हणजे लागोपाठच्या ठोक्यांमधले अंतर किती कमीजास्त होते याचे, आकडे असतात. मनगटी घड्याळे तर ते रोज सकाळी दाखवतात. या आकड्यांत हृदयाचे किती आणि शरीराच्या दिवस-रात्रीच्या घड्याळाचे किती, हा जुना वाद आहे.

नाडी सकाळी उपाशीपोटी पाहायची, ही वैद्यांची रीत. वेळेप्रमाणे नाडी बदलते याची ती कबुलीच म्हणायची. १७२९ मध्ये फ्रान्समध्ये एका झाडाची पाने सतत अंधारातही वेळच्या वेळी उघडतात-मिटतात असे दिसले. १९३८ मध्ये अमेरिकेत दोन संशोधक २८ तासांचा दिवस पाळत गुहेत राहिले. मेंदूतले मुख्य घड्याळ १९७२ मध्ये सापडले, घड्याळाच्या जनुकांवरच्या कामाला २०१७ मध्ये नोबेल मिळाले.

हृदयाची रात्र मात्र होल्टरमुळे दिसू लागली. या यंत्राचा पहिला अवतार पाठीवर वाहायचा, सुमारे ३८ किलोंचा. १९६१ मध्ये त्यावरचा लेख छापून आला आणि पुढे झोपेतल्या माणसाचे ठोके सलग वाचता येऊ लागले. १९८५ मध्ये हृदयविकाराचे झटके सकाळी ६ ते दुपारी १२ या वेळेत जास्त येतात असे दिसले. झटक्यातून वाचलेल्या ८०० हून अधिक रुग्णांचा १९८७ चा अभ्यास त्याहून गाजला. ज्यांच्या ठोक्यांमधील अंतराचे २४ तासांचे प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा चढउतार) ५० मिलिसेकंदांखाली होते, त्यांच्यात पुढे मृत्यू जास्त झाले. या विचलनाचा मोठा भाग दिवस आणि रात्र यांच्या फरकातूनच येतो, याकडे तेव्हा फार कुणी पाहिले नाही. रात्री ठोके उतरले नाहीत की आकडाही आपोआप घसरतो.

१९९६ मध्ये युरोप-अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांनी मिळून मोजमापाचे नियम ठरवले. ठोक्यांमधील अंतराच्या चढउताराच्या लहरी वेगाप्रमाणे पट्ट्यांत वाटल्या : ०.०४ ते ०.१५ हर्ट्झ हा मंद पट्टा, ०.१५ ते ०.४ हा जलद पट्टा. जलद पट्टा परानुकंपी, म्हणजे शरीराला विसावा देणाऱ्या, चेतासंस्थेचा, यावर फारसे दुमत नव्हते. मंद पट्टा अनुकंपी, म्हणजे धावपळीला सज्ज करणाऱ्या, चेतासंस्थेचा की दोन्हींचा, यावर त्याच दस्तऐवजात मतभेदाची नोंद आहे. तरीही दोहोंचे गुणोत्तर म्हणजे 'अनुकंपी-परानुकंपी समतोल', ही समजूत रूढ झाली ती झालीच. दिवसा मंद पट्टा वर, रात्री जलद पट्टा वर, असा झोपाळा आलेखांत दिसू लागला.

त्यातला बराचसा झोपाळा गणिताचा होता. दोन पट्ट्यांची बेरीज १०० धरून टक्के काढले, की एक ७५ वरून ६० वर आला म्हणजे दुसरा २५ वरून ४० वर जाणारच. शरीरात काही घडो वा न घडो. शिवाय ०.१५ हर्ट्झ म्हणजे मिनिटाला ९ श्वास. पहाटे सिद्धेश्वर तलावाकाठी मिनिटाला ६ श्वासांचा संथ प्राणायाम करणाऱ्याची श्वसनलहर मंद पट्ट्यात पडते आणि निवांत बसलेला माणूस गुणोत्तरात 'तणावग्रस्त' ठरतो. १९९७ पासून यावर सडकून टीका झाली. गुणोत्तर तरी अहवालांतून गेले नाही. सवय मोडायला पुरावा पुरत नाही, असेच म्हणावे लागते.

त्याच नियमांतल्या दुसऱ्या अटीची चर्चा कमी झाली. २४ तासांच्या नोंदीत निदान १८ तास वापरण्याजोगे हवेत आणि त्यात पूर्ण रात्र हवी. पण कुणाची रात्र? १८७७ मध्ये जुनी मिल उभी राहिल्यापासून हे शहर भोंग्यावर उठत-निजत आले. गिरण्या गेल्या, यंत्रमाग राहिले. रातपाळीचा कामगार पहाटे घरी येतो आणि उजेडात झोपतो. झोप त्याचे ठोके खाली आणू पाहते, आतले घड्याळ त्याच वेळी वर नेते. नोंदीत 'पूर्ण रात्र' आहे, पण ती मागावर उभी राहून गेलेली. लहान चाचणीसाठी ५ मिनिटांची नोंद ठरली. ती कोणत्या प्रहरातली, हे व्यवहारात मोकळेच राहिले. मे महिन्यात जेवणानंतर भर उन्हातून दवाखान्यात आलेल्या माणसाची नोंद आणि पहाटेची नोंद एकाच तक्त्यावर तपासली जाते.

गेल्या काही वर्षांत वाद आणखी आत शिरला. ठोके मंदावले की मिलिसेकंदांतला चढउतार आपसूक वाढतो, हे २०१४ मध्ये ठळकपणे मांडले गेले. म्हणजे रात्रीच्या वाढलेल्या एचआरव्हीचे सगळे श्रेय ठोके मंदावणाऱ्या परानुकंपी व्हेगस मज्जातंतूला देता येत नाही. २०२१ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत हृदयाच्या ठोक्यांची लय ठरवणाऱ्या गतिकारक पेशींमध्येच घड्याळ चालते असे दिसले. चेतासंस्थेचे संदेश औषधाने रोखले तरी दिवस-रात्रीचा फरक उरला. त्या पेशींतला एक विद्युत्प्रवाह रोखल्यावर तो गेला. उंदीर निशाचर, त्यामुळे त्याचे ठोके रात्री वाढतात, आणि माणसाबद्दलचा निष्कर्ष तेवढ्यावर काढता येत नाही. पण 'समतोला'च्या गोष्टीतली मोठी फट त्यातून उघडी पडली.

मनगटी घड्याळांनी गोंधळात भरच टाकली. ती विद्युत आलेख न घेता प्रकाशाने नाडी टिपतात. काही प्रमाण विचलन दाखवतात, काही लागोपाठच्या अंतरांमधल्या फरकांवरून आकडा काढतात. पडद्यावर दोन्हींचे नाव एकच, एचआरव्ही. एका घरातल्या दोन मनगटांवरचे आकडे म्हणूनच एकमेकांशी ताडता येत नाहीत, आणि पाळी बदललेल्या आठवड्यात तर स्वतःचेही मागच्या आठवड्याशी नाहीत.