लहान मुलांना ‘नाही’ समजवणं

लहान मुलांना ‘नाही’ समजवणं म्हणजे साधारण ८-९ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंतच्या मुलाला नकार ऐकून थांबायला, हात मागे घ्यायला आणि मग जो राग येतो तो सोसायला हळूहळू शिकवणं. लोक याला शिस्त लावणं म्हणतात पण शिस्त हा फार मोठा शब्द झाला, इथे गोष्ट एवढीच आहे की पोरगं शेगडीकडे हात नेतंय आणि आई म्हणते नको, तर पुढे काय होतं.

कळणं आणि थांबता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक घरांतली चिडचिड हे दोन एकच समजल्यामुळे होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नॅन्सी बेली यांच्या बाळांच्या विकासचाचणीत ‘सांगितल्यावर थांबतो’ अशी एक बाब आहे आणि ती साधारण १० महिन्यांच्या आसपास जमते असं धरलंय, पण हे थांबणं क्षणभराचं असतं, बाळ आपल्याकडे बघतं आणि परत हात पुढे करतं. तो हट्ट नसतो. स्वतःला आवरायचं काम मेंदूचा पुढचा भाग करतो आणि तो पूर्ण तयार व्हायला विशीच्या मध्यापर्यंत वेळ लागतो, मग दीड वर्षाच्या पोराकडून काय अपेक्षा करायची?

बडोद्याचा, म्हणजे आमच्या गावाचा, या विषयाशी जवळचा संबंध आहे. इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या प्रमिला फाटक यांनी बेलींच्या चाचणीवरून, बडोद्यातल्या बाळांचा अभ्यास करून भारतीय मोजपट्टी तयार केली, ३० महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठी, त्यात ६७ बाबी हालचालींच्या आणि १६३ बौद्धिक वाढीच्या. बडोदा डेव्हलपमेंट स्क्रीनिंग टेस्ट, म्हणजे बाळाची वाढ मागे पडतेय का हे पटकन बघायची चाचणी, त्यातूनच आली. आपल्या गावच्या बाळांवरून देशभरातली बाळं मोजली गेली हे इथल्या मराठी घरांतही फार कमी जणांना माहीत असतं म्हणून मुद्दाम लिहितेय.

शब्दाआधी चेहरा कळतो. १९८५ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात वर्षाच्या बाळांना अशा टेबलावर ठेवलं होतं की वर काच, पण पुढच्या भागात काचेखाली खोल खड्डा दिसतो, आणि पलीकडे आई. आईने घाबरलेला चेहरा केला तेव्हा एकही बाळ पुढे गेलं नाही, हसरा चेहरा केला तेव्हा १९ पैकी १४ गेली. म्हणजे तोंडाने नाही आणि चेहऱ्यावर हसू असं असेल तर बाळ हसू धरतं. पोराने आजोबांचा चष्मा ओढला की सगळं घर हसतं आणि मग चौथ्यांदा ओढला की ओरडा बसतो, त्याला बिचाऱ्याला कळणार काय.

आता भाषेचं. मराठीत ‘नाही’ आणि ‘नको’ वेगळे आहेत. ‘नको करू’ मध्ये थोडी विनवणी असते, ‘असं करायचं नाही’ हा नियम असतो. बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या घरांत तर आजी म्हणते ‘नको रे बाळा’, शेजारच्या गुजराती बेन म्हणतात ‘ना बेटा, न अडाय’ (हात लावायचा नाही) आणि प्लेग्रुपमध्ये ‘नो नो’. मूल हे सगळं पेलतं, फक्त सगळ्यांचा अर्थ तोच निघायला हवा. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, आपल्याकडे नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘झोपाळ्याखाली जाऊ नको’ यात पोराच्या कानावर आधी झोपाळा पडतो, मग जाऊ, आणि नको येईपर्यंत ते निघालेलं असतं. वाक्यातला नकार नीट कळायला तसंही दोन वर्षं उलटावी लागतात. म्हणून आधी ‘थांब!’, मग हात धरायचा, मग काय करायचं ते सांगायचं, ‘इकडे ये, झोपाळ्यावर बस’. छोट्यांसाठी ‘हाऽ आहे’, ‘बाऊ होईल’ हे आपले जुने शब्द छानच काम करतात कारण त्यात कारण पण आलं. ‘बागुलबुवा येईल’, ‘बावो लई जशे’ (बुवा घेऊन जाईल) हे मात्र सोडून द्यावं, त्यात भीती शिकवली जाते, शेगडीचं काहीच नाही.

नाही थोडे असावेत. दिवसभर प्रत्येक गोष्टीला नाही म्हटलं की तो पंख्याच्या आवाजासारखा होतो. कात्री, औषधं वर ठेवली की तेवढे नकार आपोआप वाचतात. उत्तरायणला, १४-१५ जानेवारीला, गच्चीवर मांजा आणि कठडा दोन्ही असताना दोन वर्षांच्या मुलाला शब्दांवर सोडायचंच नसतं, कडेवर घ्यायचं. आणि जे नाही म्हटलंय ते रडल्यावर हो करायचं नाही, कारण कधीतरी मिळतं हे एकदा कळलं की मूल पुढच्या वेळी जास्त वेळ रडतं. कमाटीबागेतून निघताना ‘अजून एकदा घसरगुंडी आणि मग घरी’ असं आधी सांगितलं तरी रडतील, रडू द्यावं, जवळ घ्यावं, पण घरी जावं. फटका मारून हात थांबतो, पण मारणारा समोर असेपर्यंतच.

मुलाचा स्वतःचा नकारही याच काळात येतो. रेने स्पिट्झ या मनोविश्लेषकाने १५ महिन्यांच्या आसपास मान हलवून नाही म्हणणं हा वाढीतला मोठा टप्पा मानला होता. पाहुण्यांना पापी द्यायला नको म्हटलं, अजून वरणभात नको म्हटलं तर ते ऐकावं, आपला नकार मानला जातो हे ज्याला कळतं त्याला दुसऱ्याचा मानणं सोपं जातं असं मला मनापासून वाटतं.

दीड-दोन वर्षांची मुलं कधी कधी स्वतःच ‘नको नको’ म्हणत, मान हलवत, त्याच वस्तूला हात लावतात. बघणाऱ्याला वाटतं मुद्दाम करतोय. रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी दाखवलं होतं की या वयात शब्दाने कृती सुरू करता येते, सुरू झालेली थांबवता येत नाही. म्हणजे नियम आत पोचलाय, हातापर्यंत अजून यायचाय, तेव्हा ‘हो, नको ना’ म्हणून आपणच त्याचा हात हळूच बाजूला घ्यायचा.