लाईट घेतलेल्या जबड्यातला दात

तोंडाच्या कॅन्सरवर ‘लाईट’ (किरणोपचार) घेऊन वर्ष झालेलं असतं. गाठ गेली, रिपोर्ट चांगले. आणि एक दिवस भाकरीचा पापुद्रा चावताना दात हिरडीलगत कटकन मोडतो. फारसं दुखतही नाही. तुकडा हातात, मूळ हाडात.

किरणांनी दात जळाला, असं घरचे म्हणतात. खरा घोळ लाळेचा असतो. एरवी दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ पाझरते, अन्नाचे कण धुऊन नेते, आम्ल मारते. तोंडाचा सामू (pH, आम्लता सांगणारा आकडा; जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली उतरला की दाताचं कवच विरघळू लागतं. लाळ तो वर आणते, गेलेलं कॅल्शियमही परत देते. सहा-सात आठवड्यांत ६० ते ७० ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचं एकक) किरण पडले की वाटेतल्या लाळग्रंथी सुकतात. उरते ती चिकट, तार धरणारी लाळ. मग कीड दाताच्या मानेला गोल वळसा घालते, आणि दात तिथूनच तुटतो.

राहिलेलं मूळ उपटून टाकू, हा सरळ विचार इथे घातक. १९८३ मध्ये जबड्याचे अमेरिकी सर्जन रॉबर्ट मार्क्स यांनी मांडलं की किरण खाल्लेल्या हाडात रक्तवाहिन्या, पेशी, प्राणवायू, तिन्ही कमी पडतात. दात काढल्याची खाच भरत नाही, हाड उघडं पडून मरतं. खालच्या जबड्याचं जास्त, कारण त्याचा रक्तपुरवठा मुळातच तोकडा. म्हणून जमेल तिथे रूट कॅनल करून मूळ जागेवरच ठेवतात. ही जोखीम दहा वर्षांनीही संपत नाही. गल्लीतल्या डेंटिस्टकडे गेलात तरी खुर्चीत बसताच ‘लाईट घेतली आहे’ हे सांगायचं.

खराब दात काढायचे ते लाईटच्या आधी, जखम भरायला दोन-तीन आठवडे हाताशी ठेवून. कॅन्सरच्या धावपळीत नेमकी हीच भेट राहते, आणि ती महागात पडते. पुढे रोज फ्लोराईड जेल, तेही जन्मभर.

त्यात सुपारी-गुटख्याने तोंड आधीच आवळलेलं. तीन बोटं उभी आत जात नसतील तर ब्रश दाढेपर्यंत पोचणार कसा? त्यावरचा व्यायाम आईस्क्रीमच्या काड्यांचा: दातांमध्ये एकावर एक रचून धरायच्या. आज सात बसल्या, तर पुढच्या आठवड्यात आठवी हळूच सरकवून बघायची.