हातचा रुपया

जादूच्या खेळांसाठी नाणं तळहातात लपवायला शिकायचं म्हटलं की बहुतेक सगळीकडून एकच सल्ला मिळतो: अमेरिकेचं अर्ध्या डॉलरचं नाणं मिळव. आता पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या पोरानं ते आणायचं कुठून? म्हणून तो खिशातला रुपया घेतो. हा रुपया जेमतेम २०-२२ मिलिमीटरचा, तीन-पावणेचार ग्रॅमचा. तळव्यात दाबून हात उलटा केला की खाली पडलाच. महिनाभर असं झालं की पोराला वाटतं, आपला हातच या कामाचा नाही. पण हाताला दोष देण्याआधी नाण्याकडे बघायला हवं. हातचलाखीच्या या शाखेत कुठलं नाणं हातात आहे यावर बरंच काही ठरत आलंय, आणि ते चारशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं आहे.

इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या रेजिनाल्ड स्कॉटनं १५८४ साली चेटूक या विषयावर एक जाडजूड ग्रंथ छापला. चेटकिणी म्हणून गरीब म्हाताऱ्यांना फासावर चढवणं चाललं होतं, आणि चमत्कार म्हणून जे दाखवतात त्यातलं बरंचसं नुसतं हाताचं काम असतं हे त्याला दाखवून द्यायचं होतं. त्यासाठी त्यानं हातचलाखीवाल्यांच्या युक्त्याच उघड केल्या. नाण्यांबद्दल तो सांगतो की ते ठेवायची मुख्य जागा म्हणजे तळहात, आणि त्याला सगळ्यात सोयीचं ‘टेस्टर’ नावाचं चांदीचं नाणं. सराव झाला की सगळी नाणी सारखीच. मात्र फारच लहान असेल तर ते तळव्यात न धरता बोटांमध्ये, टोकाजवळ धरावं. आपल्या रुपयावाल्या पोराचं उत्तर इथंच आहे.

यामागचं कारण हातात नाणं घेतल्याशिवाय कळत नाही. तळहात किंचित वाकवा. एका बाजूला अंगठ्याच्या बुडाचा गुबगुबीत उंचवटा आणि समोर करंगळीखालचा उंचवटा, यांच्यामध्ये एक खळगा होतो. मधलं बोट आणि अनामिका यांच्या टोकांनी नाणं त्या खळग्यात ढकलायचं. दोन्ही उंचवटे नाण्याच्या कडेला दोन बाजूंनी टेकतात आणि त्या हलक्या चिमटीवर ते राहतं. मूठ आवळायची नसते. नाणं दोन्हीकडे टेकण्याइतकं रुंद हवं, नाहीतर चिमटा बसतच नाही. कडेला खाचा असतील तर कातडी नीट धरते, आणि बऱ्यापैकी वजन असेल तर नाणं कुठे बसलंय ते न बघता समजतं. यालाच क्लासिक पाम म्हणतात. नाणं लहान असेल तर मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या मुळाशी, बोटं सैल दुमडून धरायचं. तो फिंगर पाम. नवशिक्यांना आधी तोच शिकवावा असं माझं मत. क्लासिक पामच्या नादात अंगठा काटकोनात ताठ उभा राहतो, बाकीचा हात लाकडासारखा होतो, आणि समोरच्याला नाणं दिसलं नाही तरी हात दिसतो.

पुढचा मोठा टप्पा फ्रान्समधला. ब्ल्वा गावचा घड्याळजी झां रोबेर-उदँ यानं ३ जुलै १८४५ रोजी पॅरिसच्या पाले रोयालमध्ये आपलं छोटं नाट्यगृह उघडलं. तोवर जादूगार लांब सैल झगे आणि जमिनीपर्यंत लोळणारे टेबलक्लॉथ वापरत. यानं ते सगळं काढून टाकलं आणि मेजवानीला जाणाऱ्या गृहस्थाच्या साध्या पोशाखात खेळ केले. लपवायच्या जागाच गेल्या म्हटल्यावर भार हातावर आला. तरुणपणी तो सराव कसा करायचा हे त्यानं आत्मचरित्रात सांगितलंय: तेव्हाच्या फॅशनच्या कोटाला कमरेशी दोन मोठे खिसे असत, आणि रस्त्यानं चालताना तो खिशात हात घालून नाणी-पत्ते फिरवत राही. थंडीच्या देशात हे सुचावं यात नवल नाही. आपल्याकडे सदऱ्याच्या खिशात ते जमवून बघा.

१८७६ मध्ये अँजेलो लुईस नावाच्या लंडनच्या बॅरिस्टरनं ‘प्रोफेसर हॉफमन’ या टोपणनावानं ‘मॉडर्न मॅजिक’ लिहिलं आणि ही विद्या घरबसल्या शिकता येऊ लागली. सरावासाठी त्यानं हाफ-क्राऊन, फ्लोरिन किंवा पेनी घ्यायला सांगितलं. तिन्ही नाणी २८ ते ३२ मिलिमीटरमधली आणि कुणाच्याही खिशात सापडणारी.

मग आला अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या मार्शलटाऊनचा टी. नेल्सन डाऊन्स, मूळचा रेल्वेतला तारबाबू. त्यानं एका नाण्यावर समाधान मानलं नाही. हवेतून नाणी पकडायची आणि हॅटमध्ये खणखण टाकत राहायची, असा त्याचा ‘कंजूषाचं स्वप्न’ हा खेळ. १८९९ मध्ये लंडनच्या पॅलेस थिएटरात त्यानं गर्दी खेचली. नाणी तळव्यातून हाताच्या मागच्या बाजूला, बोटांच्या पाठीवर नेऊन रिकामा तळवा दाखवण्यात तो पटाईत होता. पण अशा खेळात थप्पीच्या थप्पी हातात मावायला हव्यात, म्हणून दुकानदार खास पातळ बनवलेली नाणी विकू लागले. माझ्या दृष्टीनं इथे एक वळण चुकलं. खेळ डोळे दिपवणारा झाला, पण नाणं खर्चायचं राहिलं नाही, रंगमंचाची सामग्री झालं.

१९५२ मध्ये जे. बी. बोबोचं ‘मॉडर्न कॉइन मॅजिक’ हे पुस्तक आलं. आजही शिकणारे त्यावरच सुरुवात करतात. जादूगार डेव्हिड रॉथचा जन्म त्याच वर्षीचा. पुढे त्यानं समोरासमोर बसून करायच्या नाण्यांच्या जादूला नवं रूप दिलं. तिथे मोजकीच नाणी असतात आणि सगळा जोर हात रिकामा वाटण्यावर असतो. अर्धा डॉलर, ३०.६ मिलिमीटरचा, या काळात कायमचा बसला. शिवाय जुनी इंग्लिश पेनी जवळजवळ त्याच मापाची, पण तांब्याच्या रंगाची. त्यामुळे चांदीचं नाणं आणि तांब्याचं नाणं यांची अदलाबदल हा खेळांचा एक अख्खा प्रकारच उभा राहिला.

हात रिकामा ‘वाटणं’ म्हणजे काय, याचा एक छान पुरावा २०११ च्या एका प्रयोगात मिळाला. जादूगार आणि इतर लोक यांना वस्तू उचलल्याचं नुसतं सोंग करायला सांगितलं. जादूगारांच्या बोटांची हालचाल खऱ्या उचलण्यासारखीच आली, पण तशीच वस्तू समोर दिसत होती तेव्हाच. ती काढून घेतल्यावर तेही इतरांसारखेच. म्हणूनच नाणं या हातातून त्या हातात दिल्याचं सोंग करण्याआधी ते खरोखर देऊन बघायचं, आरशासमोर, पन्नास वेळा.

गंमत अशी की ही सगळी नाणी व्यवहारातून उठली. हाफ-क्राऊन १९६९ अखेर बाद झाला, जुनी पेनी १९७१ मध्ये. अर्धा डॉलर २००२ पासून बरीच वर्षं फक्त संग्राहकांसाठी पाडला गेला, आणि अमेरिकेतही प्रेक्षक ‘हे खरं नाणं आहे का?’ असं विचारतात.

आपल्याकडेही तेच झालं. ब्रिटिश अमदानीतला बंदा रुपया ११.६६ ग्रॅमचा, साडेतीस मिलिमीटरच्या आसपास, कडेला खाचा असलेला: म्हणजे अर्ध्या डॉलरचा जुळा भाऊच. १९४० मध्ये त्यातली चांदी अर्ध्यावर आली, १९४७ मध्ये तो निकेलचा झाला, आणि पुढे आकसत आजच्या मापाला आला. सध्याच्या नाण्यांत दहाचं नाणं बरं. २७ मिलिमीटर, पावणेआठ ग्रॅम. माझ्या तळव्यात ते कसंबसं टिकतं.

राणीछाप रुपया मात्र आमच्या घरात एक आहे, लक्ष्मीपूजनाच्या ताटातला. गेल्या दिवाळीत आजीला विचारून तो उचलला. तळव्यात असा बसला की हात उलटा केला, बोटं पसरली, तरी हलला नाही. आजी बघत होती. तिनं माझा दुसरा हात तपासलाच नाही. ‘तो हातचा आधी ताटात ठेव,’ म्हणाली.