खुकुरी आणि दाप

खुकुरी हा पुढे वाकलेल्या, जड पात्याचा नेपाळी सुरा. दाप म्हणजे तिचे म्यान, आतून लाकडाचे आणि वरून कातड्याचे. पाते कामी म्हणजे लोहार घडवतो आणि कातडे चढवणे हे परंपरेने सार्कींचे, म्हणजे चर्मकारांचे, काम. पूर्व नेपाळातील भोजपूर आणि धरान ही गावे या कारागिरीसाठी विशेष प्रसिद्ध आहेत. खुकुरीची कीर्ती मुख्यतः ती हाती धरणाऱ्या सैनिकामुळे झाली. घडवणाऱ्याला त्या कीर्तीचा वाटा फारच थोडा मिळाला.

काठमांडूच्या छाउनी भागातील राष्ट्रीय संग्रहालयात गोरखाचा राजा द्रव्य शाह याची म्हणून सांगितली जाणारी खुकुरी आहे. तो १५५९ मध्ये गादीवर आला. १८१४ ते १८१६ च्या इंग्रज-नेपाळ युद्धात इंग्रजांनी या शस्त्राचा मार अनुभवला आणि युद्ध चालू असतानाच गुरख्यांची फौजेत भरती सुरू केली. पुढे एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दोन खुकुऱ्या हे गुरखा पलटणींचे चिन्ह झाले. ‘एकदा उपसली की रक्त चाखल्याशिवाय म्यानात जात नाही’ ही आख्यायिकाही याच लष्करी कौतुकातून पसरली असावी. ती खरी नाही. नेपाळी डोंगरातल्या घरात खुकुरी दिवसातून अनेकदा बाहेर येते: सरपण फोडायला, फांद्या छाटायला, मांस कापायला. आपल्या कोकणात कोयत्याचे जे स्थान, तेच तिथे खुकुरीचे.

रोजच्या वापरातली खुकुरी मुठीसकट साधारण ४० ते ४५ सेंटिमीटर लांब असते. दसैंमध्ये, म्हणजे नेपाळी दसऱ्यात, रेड्याच्या बळीसाठी याहून बरीच मोठी आणि वजनदार घडवून घेतात. गिऱ्हाईक लांबी, वजन आणि मूठ सांगते; उरलेले कामी नजरेने ठरवतो. सिरू गवताच्या पानासारखी सडपातळ ती सिरुपाते, रुंद पोटाची ती भोजपुरे, पाठीजवळ खोलगट पन्हळ काढलेली ती अंगखोला.

लोखंड बहुधा ट्रक-बसच्या जुन्या कमानपाट्यांचे असते. वर्षानुवर्षे दणके खाऊन टिकणारे हे पोलाद चिवट असते आणि त्यात धार धरण्याइतका कर्बही असतो. पाट्याचा तुकडा छिन्नीने तोडून कोळशाच्या भट्टीत लाल करतात. एकजण सांडशीने तो ऐरणीवर धरतो, समोरचे एक-दोघे आळीपाळीने घण घालतात. आधी मुठीत जाणारी शेपटी ओढून घेतात, मग पाते लांबवून त्याला बाक देतात. पाठ जाड ठेवून टोकाकडे निमुळती करत नेतात. घावाचा सगळा जोर बाकाच्या पुढच्या पोटावर यावा आणि तरीही मनगट थकू नये, ही खुबी या उतारातच आहे. तो साधला नाही, तर सुरा नुसता जड होतो. मुठीजवळ धारेच्या बाजूला काउडी नावाची छोटी खाच कोरतात. तिला कोणी गाईच्या खुराचे, कोणी शिवाच्या त्रिशुळाचे रूप मानतो. धार कुठून सुरू करायची, ती हद्दही तिथे पक्की होते.

यानंतरचे पाणी देण्याचे काम सर्वांत नाजूक. पाते पुन्हा लाल करून धार वर येईल असे धरतात आणि किटलीच्या तोटीतून पाण्याची बारीक धार फक्त पात्याच्या धारेवरून फिरवतात. सबंध पाते बुडवले तर ते काचेसारखे कडक होऊन हाडावर वा गाठीवर तडकण्याची भीती. असे दिलेले पाणी धार कडक करते, पाठ मऊ आणि चिवट राहते. पाठीत उरलेली उष्णता हळूहळू धारेकडे उतरते आणि तिचा फाजील कडकपणा थोडा कमी करते. पाणी कुठे थांबवायचे हे कामी बदलत्या रंगावरून ओळखतो, म्हणून हे काम बहुधा भर उन्हात करत नाहीत. शेवटी कानस फिरवून पाहतात: धारेवर ती घसरली, तर पाणी बरोबर लागले.

मूठ शिसवी लाकडाची किंवा म्हशीच्या शिंगाची. तापवलेली शेपटी भोकात बसवून लाखमिश्रित राळेने पक्की करतात आणि दोन्ही टोकांना पितळी टोप्या घालतात. मुठीच्या दोन फाका रिव्हेटने ठोकून केलेल्या प्रकाराला पानावल म्हणतात. जबर वापरासाठी हाच प्रकार भरवशाचा, कारण उन्हात किंवा आगीजवळ राळ मऊ पडली, तरी त्यातली मूठ सुटत नाही.

दाप त्या-त्या पात्यापुरतीच होते. एका खुकुरीची दुसरीला नीट बसत नाही. हलक्या लाकडाच्या दोन फळ्या पात्याच्या आकारात आतून कोरून जोडतात. त्यावर ओले केलेले म्हशीचे कातडे ताणून गुंडाळतात आणि आरीने भोके पाडत मागच्या बाजूला शिवतात. वाळताना कातडे आकसते आणि लाकडाला असे आवळून बसते की शिवण बोटाला जेमतेम लागते. टोकाला धातूची टोपी आणि मागे दोन छोटे कप्पे असतात. त्यांतल्या एकात कर्द हा बारीकसारीक कामाचा लहान सुरा आणि दुसऱ्यात चकमक ही बोथट पट्टी. चकमकीने धार सरळ करतात आणि गारगोटीवर घासून ठिणगीही पाडतात. चांदीचे नक्षीकाम केलेल्या मानाच्या दापेला कोथीमोरा म्हणतात. खुकुरी उपसताना दाप धारेच्या बाजूने कधीही मुठीत धरू नये. पाते फळ्यांच्या जोडातून बाहेर येऊन बोटे कापू शकते.

१८५४ च्या मुलुकी ऐन या नेपाळी कायद्याने कामी आणि सार्की दोघांनाही अस्पृश्य ठरवले होते. त्यांच्या हातचे पाणी चालत नसे. त्यांनी घडवलेली खुकुरी मात्र दसैंच्या पूजेत मांडली जाई. १९६३ च्या नव्या कायद्याने या भेदाचा कायदेशीर आधार काढून घेतला, तरी व्यवहारात तो पुष्कळ टिकला. आज अनेक कामी विश्वकर्मा हे आडनाव लावतात. खुकुरीवर लिहिणाऱ्यांनी पलटणींइतकीच जागा या घरांना द्यायला हवी.

काठमांडू-दार्जिलिंगच्या सहलीतून महाराष्ट्रात येणाऱ्या खुकुऱ्या बहुतेक शोभेच्या असतात: पातळ पत्रा, चकचकीत मुलामा, पाणी न दिलेली धार. कामाची खुकुरी हातात घेताच पुढे ओढते आणि तिच्या पाठीवर घणाचे पुसट ठसे दिसतात. तिला वापरानंतर पुसून तेल लावावे. पावसाळ्यात ती दापेबाहेर ठेवणे बरे, कारण कातडे ओल धरून ठेवते आणि गंज आतल्या आत चढतो.