चिकलठाण्याची विमान दुर्घटना: ‘रोटेशन’ आणि बीड रस्ता

टेकऑफ घेताना विमान पडलं की ‘पायलटची चूक’ हे शब्द लगेच कानावर येतात. जून २०२५ मध्ये अहमदाबादला २६० जणांचा जीव गेला. महिनाभरात प्राथमिक अहवाल आला, त्यात इंधनाच्या स्विचचा उल्लेख होता, आणि सगळी चर्चा कॉकपिटकडे वळली. औरंगाबादकरांनी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकरांनी, हे १९९३ पासून ऐकलेलं आहे.

त्या वर्षी २६ एप्रिलला, सोमवारी दुपारी एकनंतर मुंबईला निघालेलं सरकारी कंपनीचं बोइंग ७३७ चिकलठाण्याच्या, म्हणजे इथल्या विमानतळाच्या, धावपट्टीवरून जवळजवळ शेवटच्या टोकाला उचललं गेलं. पलीकडे बीड रस्ता, आणि रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेला ट्रक. जमिनीपासून जेमतेम सात फुटांवर विमानाची डावी मुख्य चाकं आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग ट्रकवर आदळला. विमान तसंच तीनेक किलोमीटर पुढे गेलं, उच्चदाबाच्या तारांना धडकलं आणि कोसळलं. आत ११८ जण होते. ५५ गेले, ६३ वाचले.

चौकशीने दोन कारणं दिली. पहिलं, वैमानिकांनी रोटेशन उशिरा सुरू केलं आणि तेही चुकीच्या पद्धतीने. दुसरं, विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक विमानतळ यंत्रणेने रोखली नाही.

लोकांच्या लक्षात राहिलं ते पहिलंच, तेही अर्धवट. आपल्याकडे रोटेशन म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी. विमानात ती गोष्ट वेगळी. ठरलेला वेग आला की वैमानिक दांडी मागे ओढतो, मागची चाकं जमिनीवर असतानाच नाक वर येतं, पंखांना कोन मिळतो आणि मग विमान जमीन सोडतं. घाईने ओढलं तर शेपूट घासते. उशीर केला किंवा सावकाश ओढलं तर धावपट्टी संपत जाते. ताशी अडीचशे किलोमीटर वेगात एका सेकंदाला सव्वादोनशे फूट मागे पडतात. त्यात एप्रिलची दुपार आणि समुद्रसपाटीपासून १,९०० फुटांवरचं गाव. तापलेली हवा विरळ असते, तिच्यात विमानाला पळायला जास्त अंतर लागतं. म्हणजे उशीर झाला हे खरंच, त्यावर वाद नाही.

पण उशिरा उचललेलं विमानही हवेत होतं. रस्ता मोकळा असता तर ते त्यावरून निघून गेलं असतं, असं मला ठामपणे वाटतं. ट्रक तिथे असणं यात नवल काहीच नव्हतं. मराठवाड्यात उन्हाळ्यापर्यंत जिनिंग-प्रेसिंगमधून गाठी निघतच असतात, एकेक १७० किलोची, आणि ट्रक भरतात ते फाळक्याच्या वरपर्यंत. रेल्वे फाटकावर गाडी यायच्या आधी वाहनं थांबवतात, तेवढीच सोय इथे हवी होती. म्हणून हे कारण दुसऱ्या क्रमांकावर असलं तरी त्याचं वजन पहिल्याइतकंच धरायला हवं.

तेव्हाची धावपट्टी सुमारे ६,००० फुटांची होती. आजची ९,३०० फूट आहे. त्या दिवशी उशिरा उचललेल्या त्याच नाकाला आज आणखी तीन हजार फूट मिळाले असते.