पोथी एक, पाठभेद अब्जावधी

1 डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, ठाण्याच्या तलावपाळीवर कॉलेजच्या मुलांची लाल फितींची फेरी निघाली होती. ती पुढे सरकेपर्यंत आम्ही कट्ट्यावर टेकलो, तर फिरायला येणारे एक काका म्हणाले, "कोरोनाची लस वर्षात आली. एचआयव्हीची चाळीस वर्षं झाली तरी नाही. कंपन्यांना गोळ्या खपवायच्यात, दुसरं काय!" नौपाड्यात हे मी निदान चौघांकडून ऐकलंय. पण खरी गोम विषाणूच्या लेखनिकात आहे.

एचआयव्हीचा सगळा जनुकीय मजकूर जेमतेम 9,700 अक्षरांचा, आरएनएत लिहिलेला. पेशीत शिरल्यावर रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नावाचं विकर (एन्झाइम) त्यावरून डीएनएची प्रत उतरवतं. हा लेखनिक लिहिलेलं परत वाचत नाही. कोरोनाकडे चुका खोडणारं विकर आहे, म्हणजे घरचा मुद्रितशोधकच. इथे तो नाही. त्यामुळे साधारण तीन-चार प्रतींमागे एक अक्षर चुकतं. किरकोळ वाटतं ना? पण उपचार न घेणाऱ्या माणसाच्या अंगात रोज शंभर कोटींहून जास्त नवे विषाणू तयार होतात. एवढ्या गर्दीत कुठलंही अक्षर बदललेली प्रत रोज कुठेतरी निघतेच. बहुतेक निकामी असतात. एखादी मात्र प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडींच्या) नजरेतून सुटते आणि मग तिचीच पिल्लावळ माजते.

मला सगळ्यात आवडते ती पुढची भानगड. प्रत्येक विषाणू आरएनएच्या दोन पोथ्या बाळगतो आणि लेखनिक उतरवता उतरवता एकीवरून दुसरीवर उडी मारतो. एकाच पेशीत दोन वाण घुसले, तर त्यांच्या काही पिल्लांत दोघांची एकेक पोथी जाते. पुढच्या उताऱ्यात अर्धा मजकूर याचा, अर्धा त्याचा! पसरलेले असे मिश्र वाण शंभरावर नोंदले गेलेत.

एचआयव्हीच्या जगभर पसरलेल्या एम गटाचे ए, बी, सी असे उपप्रकार आहेत. भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत सी, युरोप-अमेरिकेत मुख्यतः बी. बाहेरच्या आवरणातलं प्रथिन दोन उपप्रकारांत 35 टक्क्यांपर्यंत वेगळं असू शकतं, आणि लशीने ओळखायचं असतं नेमकं तेच. (औषधांची तशी अडचण नाही. ती या सगळ्या उपप्रकारांवर चालतात, सरकारी एआरटी (एचआयव्ही-उपचार) केंद्रात मोफत मिळतात. लोकलच्या डब्यात 'एड्सवर रामबाण' चिकटवणाऱ्या बाबांना एकदा उपप्रकार विचारायला हवा.)

थायलंडमधल्या लशीच्या चाचणीत 2009 साली 31 टक्के संरक्षण दिसलं. तीच लस सी उपप्रकारासाठी बदलून दक्षिण आफ्रिकेत दिली, तर उपयोग शून्य. 2020मध्ये टोचणं थांबवलं. अनेक वाणांचे तुकडे जोडलेली 'मोझेक' लसही 2023मध्ये थांबली.

मग नेम कुठे धरायचा? विषाणू आपल्या पेशीच्या सीडी4 रेणूला जिथे चिकटतो, तिथे. ती जागा फार बदलली तर त्यालाच आत शिरता येत नाही. पण ती खोलगट आहे आणि भोवती साखरेच्या रेणूंचं रान. तिथवर पोचणारी प्रतिपिंडं काही रुग्णांत तयार होतात, तीही वर्षानुवर्षांच्या संसर्गानंतर. ती बनवू शकणाऱ्या दुर्मीळ बी-पेशी आधी शोधून जाग्या करायच्या, असा नवा बेत आहे. पहिल्या छोट्या चाचणीत 36 पैकी 35 जणांत त्या जाग्या झाल्या.

"म्हणजे झाली की लस!" काका म्हणाले.

नाही काका. पेशी नुसत्या उठून बसल्यात. त्यांना पायरीपायरीने शिकवणारे पुढचे डोस अजून चाचण्यांमध्येच आहेत.