सुरी घ्यायच्या आधी आपला ओटा बघा

ऑनलाइन सुरी शोधायला गेलं की आधी समोर काय येतं तर जपानी स्टील, ६७ थर, पात्यावर लाटांची नक्षी आणि किंमत अशी की तेवढ्यात मिक्सर येईल. मुंबईत भुलेश्वरला भांड्यांच्या दुकानात जा, तिथे पन्नास रुपयांपासून पुढे सगळं एका डब्यात उभं केलेलं. या दोन्हीच्या मधे नेमकं काय घ्यायचं, याचं उत्तर बरेच जण स्टीलच्या नावात शोधतात. माझ्या मते ते उत्तर आपण कापतो कसं आणि कशावर यात जास्त आहे. ते ६७ थर तर बहुतेक दिसण्यापुरतेच असतात, कापायचं काम करतो तो मधला एकच थर, आणि स्वस्तातल्या सुरीवर ती नक्षी नुसती लेझरने कोरलेली असू शकते.

आधी धार म्हणजे काय ते बघू. पातं दोन्ही बाजूंनी निमुळतं होत जिथे संपतं ती कड चांगल्या सुरीत एक मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) बारीक असते, आपला केस साधारण ७०-८० मायक्रॉन जाड, म्हणजे बघा. जागा इतकी कमी की हाताचा थोडासा जोरही तिथे प्रचंड दाब होतो. पण नुसतं वरून दाबण्यापेक्षा सुरी पुढे-मागे सरकवली की काम आणखी सोपं होतं. २०१२ मध्ये हार्वर्डच्या एल. महादेवन यांच्या गटाने जेलवर प्रयोग करून याचा हिशोब मांडला, आडवं सरकवल्यावर चीर पडायला वरून लागणारा जोर खूपच कमी होतो. आपली विळी हेच करते की! पातं वाकडं असल्यामुळे भाजी त्यावर ढकलली की आपोआप सरकत कापली जाते, दोन्ही हात मोकळे, आणि जोर मनगटाचा नाही तर खांद्याचा लागतो. ज्यांना विळीची सवय आहे आणि गुडघे साथ देतायत त्यांनी ती जुनाट वाटते म्हणून माळ्यावर टाकू नये, लाल भोपळा आणि फणस तर विळीवरच कापावा.

आता प्रश्न कडकपणाचा. स्टीलचा कडकपणा रॉकवेल स्केलवर मोजतात, आकडा जास्त तितकं स्टील कडक, जर्मन पद्धतीच्या सुऱ्या साधारण ५६ ते ५८, जपानी ६० आणि वर. कडक स्टीलची कड जास्त बारीक ठेवता येते, म्हणजे धार लावताना पात्याच्या एका बाजूचा कोन १५ अंशांपर्यंत, आणि ती टिकतेही जास्त. मऊ स्टीलला २० अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. पण कडक तेवढं ठिसूळ, हे फुकट मिळत नाही. मऊ कड वाकते, रॉडवर (कड सरळ करायच्या दांडीवर) दोन-चार हात मारले की परत सरळ होते, कडक कडेचा मात्र टवका उडतो. सुरमईच्या तुकड्यातला मधला काटा, ओलं खोबरं, फ्रीझरमधून तसंच काढलेलं चिकन, असं ज्या घरात रोज चालतं तिथे ६२ ची सुरी म्हणजे पैसे पाण्यात. कापायची वस्तू मऊ आहे म्हणून धार वाचते असंही नाही बरं का. एमआयटीमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की स्टीलपेक्षा सुमारे ५० पट मऊ असलेला केससुद्धा ब्लेडच्या कडेचे बारीक टवके काढू शकतो.

आणि मग आपला ग्रॅनाइटचा ओटा. मुंबईतल्या कितीतरी घरांत गॅस आणि सिंक यांच्या मधे जेमतेम दोन फूट जागा, त्यात चॉपिंग बोर्ड कुठे ठेवणार, म्हणून सरळ ओट्यावरच नाहीतर स्टीलच्या ताटलीत टोमॅटो चिरला जातो. ग्रॅनाइटमधलं क्वार्ट्झ हे खनिज मोज स्केलवर (खनिजांचा कडकपणा मोजायची १ ते १० ची पट्टी) ७, सुरीचं स्टील त्याच्या खाली, म्हणजे प्रत्येक घावाला कड दगडावर आपटतेय. सध्या स्टीलचे बोर्ड जोरात विकले जातायत, धुवायला सोपे हे खरं पण काचेच्या बोर्डसारखे धारेला वाईट. लाकडी किंवा साधा प्लास्टिकचा बोर्ड, छोटा का असेना, आधी तो घ्या.

जागेचा अजून एक परिणाम म्हणजे आठ इंची शेफ नाइफ. व्हिडिओत मस्त दिसते, पण तिला तेवढा लांब बोर्ड लागतो. सहा इंची पुरते, फक्त पातं उंचीला बरं हवं, नाहीतर बोटांची पेरं बोर्डवर आपटतात. आणि आपल्यातल्या निम्म्या बायका (आता पुरुषही) बोर्ड वापरतच नाहीत, बटाटा हातात धरून अंगठ्याच्या आधाराने थेट पातेल्यात चिरतात. त्यांना चार इंचांच्या आतली हलकी, छोटी सुरीच योग्य. भारी बारीक धारेची लांब सुरी त्या पद्धतीत सरळ अंगठ्यात जाईल.

गंजाचं गणित आपल्याकडे वेगळं आहे. स्टेनलेसमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं, ते हवेतल्या ऑक्सिजनबरोबर काही नॅनोमीटरचा थर तयार करतं आणि ओरखडा पडला तरी तो थर परत धरतो. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये असं स्टील बनवलं आणि त्याचा पहिला मोठा उपयोग सुऱ्या-काट्यांमध्येच झाला. पण मीठ या थराला भोकं पाडतं, म्हणून लिंबू-मीठ लागलेली सुरी रात्रभर सिंकमध्ये ठेवू नका. साध्या लोखंडी, कार्बन स्टीलच्या पात्याला धार झकास लागते पण जुलैच्या दमट हवेत ते पुसून तेलाचा हात लावून ठेवावं लागतं, आणि केळफूल चिरलं की पातं काळं पडतं कारण त्यातली टॅनिनं लोखंडाशी संयोग पावतात. ज्याला पुसायचा कंटाळा आहे त्याने या वाटेला जाऊच नये.

बोथट सुरीने कांदा जास्त रडवतो, ही फक्त समजूत नाही. कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी जोरात चालणाऱ्या कॅमेऱ्याने बघितलं, बोथट पातं कांद्याचं साल आधी दाबतं, आत दाब साठतो आणि मग फुटल्यावर रसाचे थेंब जास्त संख्येने आणि जास्त वेगाने उडतात. धारदार सुरी आणि सावकाश हात, दोन्हीने फरक पडतो.

तेव्हा धार कोण लावणार हेही आधीच ठरवा. सायकलवर चाक फिरवणारा धारवाला बिल्डिंगखाली येतो, ५६ कडकपणाच्या सुरीला तो चालतो, फक्त त्याला हळू आणि मधेमधे पाण्यात बुडवून लावायला सांगा, कारण कड घर्षणाने फार तापली की तिथलं स्टील मऊ पडतं. महागडी जपानी सुरी त्याच्याकडे देऊ नका, तिला पाणी लावून वापरायचा धारेचा दगड आणि वेळ लागतो. दात्यांची सुरी मात्र तो नीट करू शकत नाही, ती पाव आणि टोमॅटोसाठी स्वस्तातलीच घ्यायची आणि दाते गेले की बदलायची.